बूट घासल्याशिवाय आत येऊ नये

मी ब्रश बोलतोय. दातांचा नव्हे, कपड्यांचाही नव्हे, बूट घासायचा. तोंड वाकडं करू नका. माझ्या अंगावर जे काही चिकटलंय, ते तुमच्याच पायांचं आहे.

जन्माने मी फरशी घासायचा ब्रश. हार्डवेअरच्या दुकानात दोन भावांबरोबर सुतळीला टांगलेला होतो. स्वच्छ न्हाणीघर, साबणाचा फेस, आठवड्यातून एकदा काम, एवढीच माझी अपेक्षा होती. पण नशिबात काही वेगळंच होतं. एक उंच, रापलेली बाई दुकानात आली, आमच्या दाढ्या अंगठ्याने दाबून बघितल्या आणि म्हणाली, "हे तिन्ही द्या. दांडे नकोत."

दुसऱ्या दिवशी सुताराने आम्हाला एका फळीवर उताणं ठोकलं. दोन भाऊ कडेला उभे, मी मधे आडवा, तळव्यांसाठी. म्हणजे सगळ्यात घाण काम कुणाला? मला. मग ती फळी जंगलाच्या फाटकाबाहेर जमिनीत पक्की रोवली आणि वर पाटी लावली.

हे जंगल डोंगरावरचं. कुणा हौशी मंडळींनी वर जाऊन चहा केला, विस्तव तसाच ठेवून खाली आले. पाच दिवस डोंगर जळत होता. फाटकाजवळच्या चौकीत एक म्हातारा राहायचा, आधीचा वनरक्षक. ती बाई त्याची मुलगी. त्याने तीस वर्षं राखलेलं रान त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. आग विझवताना गुडघे गेले ते वेगळेच. तेव्हापासून तो वर चढू शकत नव्हता. खुर्चीत बसून येणाऱ्यांची नावं वहीत लिहायचा आणि रोज संध्याकाळी माझ्याखालचा कचरा सुपलीत भरून डब्यात बंद करायचा.

दोन वर्षांनी जंगल थोडं उघडलं. एका वेळी बारा माणसं, सोबत गाईड हवाच, आणि दोन दोऱ्यांच्या मधल्या वाटेवरूनच चालायचं. गाईड म्हणजे त्याची मुलगी. सगळे तिला ताई म्हणत. फाटकाशी उभं राहून ती आधी दहा मिनिटं बोलायची. "काळं दिसतंय म्हणून मेलंय असं समजू नका. या राखेखाली बी आहे. आता कुठे बोटभर रोपं वर आलीत. खालच्या वस्तीत एक कुसळी गवत माजलंय. त्याचं एक कुसळ जरी तुमच्या बुटातून वर गेलं, तर दोन पावसाळ्यांत ते रोपांना गिळेल. उन्हाळ्यात वाळेल. मग एक ठिणगी पुरे. म्हणून बूट घासा."

म्हणून मी. आता कळलं, मी तिथे का होतो?

तिचं बोलणं ऐकून मला भरून यायचं. आणि मग पहिला बूट माझ्यावर पडायचा. शी! काय काय नाही आणलंत तुम्ही! च्युइंगम, कुत्र्याची घाण, कुणाच्या तरी केसांचा गुंता, अर्धमेली गोगलगाय. एकदा एक चपटं झालेलं बिस्किट. चेहरे बघावेत तर अत्तर लावलेले, आणि तळवे बघावेत तर उकिरडा. एक साहेब म्हणाले, "अहो ताई, माझे बूट नवेकोरे आहेत, घरून पुसून आणलेत." ताई म्हणाली, "मग अजून एकदा घासा, ब्रशाला बरं वाटेल." मला कसलं बरं वाटतंय? त्या नव्याकोऱ्या बुटांच्या खाचांत एवढी कुसळं निघाली की एक उशी भरली असती.

एक जोडपं तर घासण्याचा नुसता फोटो काढायचं. पाय माझ्यावर ठेवायचा, हसायचं, क्लिक, आणि पाय खाली. म्हातारा खिडकीतून ओरडायचा, "फोटो घासून झाल्यावर बूटही घासा!" आत गेल्यावरही तेच. ताई घसा फोडून सांगायची, दोरी ओलांडू नका. आणि एखादा महाभाग तिला म्हणायचा, "एकच पाऊल तर टाकलं." एकाच पावलाखाली चार रोपं मेली, हे त्याच्या गावीही नसायचं. मला तर माणूस जातीचीच किळस आली होती. फक्त दोघं सोडून. ताई आणि तिचे बाबा.

रांग गेली की ताई दोरीपलीकडे एकटी चढायची. वर एक काळा कातळ आहे. त्याच्याभोवतीची रोपं ती मोजायची आणि खाली येऊन बाबांना सांगायची. "आज तीनशे बारा, बाबा." म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. "कातळाच्या डावीकडेही आलीत का गं?" "आलीत." "किती उंच?" ती हात गुडघ्याला लावून दाखवायची. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ना, त्यासाठी मी आणखी शंभर बूट सोसले असते.

तिसऱ्या वर्षी पाऊस ओसरला आणि एके दिवशी ताई कातळावरून धावतच खाली आली. हातात हिरवं, ताजं, कुसळी गवत होतं.

"बाबा, पोचलं. वर पोचलं."

त्या दिवशीची बारा माणसं अजून फाटकाशीच उभी होती. तिने सगळ्यांना फैलावर घेतलं. "एवढं सांगते, तुमच्या कानांत शिरतं का काही? पाच मिनिटं वाकायला कंबर मोडते तुमची?" एक आजीबाई रडकुंडीला आल्या, "अगं बाई, मी तर दोनदा घासले." मला म्हणाल तर गुदगुल्या होत होत्या. बरं झालं! ऐका, मेल्यांनो, ऐका!

लोक निघून गेल्यावर म्हातारा शांतपणे म्हणाला, "कुठे उगवलंय? वाटेच्या कडेला?"

"वाटेवर एक काडी नाही. सगळं कातळापाशी."

"तिथे लोक जातात?"

"छे! तिथे कुणाला सोडते का मी? तिथे फक्त..."

ती थांबली. म्हाताऱ्याने तिच्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं.

आता मला खरं बोलू द्या. ताई रोज सकाळी वस्तीतून यायची, त्याच गवतातून. बाबांचा डबा हातात. पुढच्या दाराने चौकीत शिरायची, डबा ठेवायची, आणि मागच्या दाराने थेट रानात. मग आतून येऊन फाटक उघडायची. तीन वर्षांत तिने एकदाही माझ्यावर पाय ठेवला नव्हता. आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण ती कायम आतल्या बाजूलाच उभी दिसायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही. मी रोज बघत होतो. पण मला वाटायचं, ती काय पाहुणी आहे? तिचे बूट म्हणजे रानाचेच पाय. तिलाही तसंच वाटत असणार.

ती फाटकाबाहेर आली, मातीतच बसली, बूट काढले आणि माझ्यावर घासू लागली. खाचांतून, नाडीच्या भोकांतून, जिभेच्या आतून कुसळं निघतच राहिली. सगळ्या पाहुण्यांची घाण एकीकडे आणि ही एकीकडे.

"वनखात्याच्या साहेबांना काय सांगू, बाबा?" तिने मान वर न करता विचारलं. "पाहुण्यांच्या बुटातून आलं म्हटलं, तर सगळ्यांना पटेल."

"पटेल की," म्हातारा म्हणाला. "पण मग तू उद्या परत वर जाशील. याच पायांनी."

तिने खरं सांगितलं. वनखात्याच्या साहेबांनी डोंगर पाच वर्षांसाठी बंद केला, तिचा परवाना काढून घेतला. फाटकाला कुलूप लागलं. म्हातारा काठी टेकत तिच्या घरी खाली गेला. जाताना त्याने डोंगराकडे बघितलंच नाही. ताईला गवत उपटायला दर पंधरवड्याला एकदा वर जाऊ देतात, एवढंच. चौकीचं मागचं दार तिने स्वतः खिळे ठोकून बंद केलंय. आता ती माझ्यासमोर बसते, एकेक खाच काडीने कोरते, मग वर जाते. दरवेळी म्हणते, "थोडंच राहिलंय." कुणाला म्हणते, कुणास ठाऊक.

मी खूश असायला हवा होतो. चोवीस बुटांच्या जागी दोनच. पण म्हातारा खाली गेल्यापासून मला कुणी झाडत नाही. तीन वर्षांची घाण माझ्या दाढीत दगडासारखी बसली आहे. तिच्यावर पाऊस पडला, ऊन पडलं. आणि गेल्या महिन्यात माझ्या पोटात काहीतरी सळसळलं.

मला वाटलं, मुंगी असेल. मुंगी नव्हती. मुळं होती.

शी! कुणाची म्हणून किळस करू आता? ते गवत माझ्यातूनच वर आलंय. वीतभर झालंय, तुरा धरलाय. ताई कालच येऊन गेली. पण घासताना माणूस आपल्या बुटाकडे बघतो, ब्रशाकडे कोण बघतो? बुटाखाली ते दबलं, ती वर गेली, आणि ते पुन्हा ताठ उभं राहिलं. ती आता पंधरा दिवसांनी येईल. तुरा त्याआधी पिकणार. वारा रोज दुपारी खालून वर, डोंगराकडे वाहतो. पहिल्या दिवशीच बी कातळापर्यंत पोचेल.

मी हलू शकत नाही. ओरडू शकत नाही. एवढे दिवस तुम्हाला नावं ठेवली, आता तुमच्याच पाया पडतोय. या बाजूला कुणी आलात, तर थांबा. फाटकाला कुलूप असलं तरी मी बाहेरच आहे, हात पोचतो. मला शिवायला घाण वाटेल, वाटू द्या. मुळासकट उपटा, पिशवीत घाला आणि पिशवीची गाठ मारा.

आणि मग, कृपा करून, तिथेच हात झटकू नका.