काचेतलं ऊन

चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक बाई शाळांचे गणवेश शिवायची. नवरा बोटीवर, वर्षातून दीड महिना घरी, बाकी सगळा संसार फोनवर. दिवसभर तिच्याशी मशीनशिवाय कोणी बोलत नसे, आणि मशीन तरी बोलून बोलून काय बोलणार? घरात बोलणारं माणूस एकच, अकरा वर्षांची लेक, बबडी.

बबडी अंगाने भरलेली. आईच्या भाषेत "जरा बाळसेदार". अकराव्या वर्षी बाळसं कुठलं, पण आईला कोण सांगणार! खाली अंगणातली पोरं असले मऊ शब्द वापरत नसत. ती सरळ "ए ढोल!" म्हणून हाक मारायची. एकदा बबडी खिडकीत उभी असताना चौघांनी मिळून खालून ती हाक घातली. आईने उठून काच सरकवली आणि कडी लावली. त्यानंतर ती काच उघडली नाही, आणि शाळा सोडली तर बबडीही खाली उतरली नाही.

सहा महिन्यांपूर्वी शाळेतल्या तपासणीत बबडीचा रक्तदाब जास्त निघाला. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व पार तळाला. त्यांनी आठ आठवड्यांच्या पुड्या दिल्या, साखरेवर काट मारली आणि बजावलं, "रोज अर्धा तास ऊन आणि हालचाल. चुकवायचं नाही."

आईने ऊन मनावर घेतलं म्हणजे किती! शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी दहाला खिडकीशी चटई, चटईवर बबडी, शेजारी मशीन. बाह्या वर, पाय उघडे. ऊन सरकलं की चटई सरकायची. बसल्या बसल्या बबडी बटणं लावून द्यायची आणि शाळेतल्या बाईंच्या नकला करायची, आणि आईची हसून हसून पुरेवाट व्हायची. खरं सांगायचं तर लग्नानंतरच्या बारा वर्षांत तिला इतकी सोबत कधी मिळाली नव्हती. हालचालीचं तेवढं राहून गेलं. "उद्यापासून जिना चढायचा हं," असं ती रोज म्हणायची. तो उद्या काही उजाडला नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी हृदयाची सोनोग्राफीही केली. डॉक्टरीणबाईंनी बबडीला बाहेर बाकावर बसवलं आणि आईला आत बोलावलं.

"पुड्यांनी ड चढलं होतं, ते परत उतरलंय. आणि हृदयाची डावी भिंत किंचित जाड दिसतेय. दाबाशी झगडून होतं असं."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "ड कमी म्हणून झालं का हो?"

"तसं ठामपणे कोणी सांगणार नाही. वजन, दाब, ड, सगळे एका माळेचे मणी. जाड मुलांचं ड चरबीत अडकून बसतं, रक्तात कमी उतरतं. पण वजन आणि दाब उतरले तर ही भिंत अजून पूर्ववत होऊ शकते. अजून, म्हणतेय मी. दोन वर्षांनी हेच म्हणेन असं नाही. ऊन देताय ना?"

"रोज! एक दिवस खाडा नाही. खिडकीत बसते."

"खिडकी उघडी?"

"बंदच असते. पण ऊन अगदी कडक येतं हो, पाय भाजतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, काचेतून नुसती ऊब येते. ज्या किरणांनी ड तयार होतं, ते काच बाहेरच अडवते."

घ्या! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. सहा महिने पोरगी शेकली, आणि लागलं काहीच नाही.

"वजन नक्की कधीपासून वाढतंय?"

"लक्षातच नाही आलं," आई म्हणाली, आणि स्वतःच्या खोटेपणाने तिचे कान तापले. तिच्या नाही तर कोणाच्या लक्षात येणार? शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. बबडीच्या प्रत्येक गणवेशात तिने दुप्पट माया ठेवली होती, आणि दर दोन महिन्यांनी, बबडी शाळेत असताना, घरी राहिलेल्या दुसऱ्या गणवेशाची शिवण उसवून ती माया सोडली होती. पोरीला कपडा कधी काचला नाही, म्हणून पोरीला कधी कळलंही नाही. आईला मात्र प्रत्येक अर्धा इंच पाठ होता.

"काय करू मी?" तिने विचारलं.

"खाली खेळायला पाठवा. आणि तुम्ही बरोबर जाऊ नका. तुम्ही असलात तर ती तुमच्याजवळच बसून राहील."

दुसऱ्या दिवशी दहाला बबडीने सवयीने चटई काढली. आईने ती हातातून घेतली. "खाली जा. अर्धा तास वर यायचं नाही."

"ती चिडवतात गं."

"माहितेय मला."

"तू चल ना."

"नाही."

बबडीचा चेहरा पडला. ती गेली. जिन्यातली तिची पावलं आईने चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत ऐकली, आणि मग खिडकीची कडी काढून काच सरकवली. बबडी भिंतीला चिकटून उभी होती. पोरं दोरीवरच्या उड्या मारत होती. एकाने "ढोल आला रे!" म्हटलं, दोघं हसली.

बबडीने मान वर केली. आई झटकन मागे सरली आणि खिडकीखाली जमिनीवर बसली.

"आई! येऊ का वर?"

आईने पदर तोंडात धरला.

"आई गं!"

ओ गळ्यापर्यंत आली होती. बबडी जन्मल्यापासून तिच्या हाकेला आईने ओ दिली नाही, असं कधी झालं नव्हतं. तिसरी हाक आली, ती रडवेली. आई उठली नाही.

मग चौथी हाक आली नाही. शेवटी एका मुलीचा आवाज आला, "ए, नुसती उभी काय राहतेस? दोरी फिरवायला ये." दोरी फरशीवर आपटू लागली, आणि उड्या मोजणाऱ्या आवाजांत आधी हळू, मग जरा मोठ्याने, बबडीचाही आवाज मिसळला.

आई तिथेच बसून राहिली. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. आता हाका थांबल्या होत्या, आणि घरात ती एकटी होती.