मंगळवारचा डोह

प्रेरणा लग्न होऊन पिंपरीहून कार्ल्याजवळच्या वाडीत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला बजावलं, की भर दुपारी ओढ्यावरच्या डोहाकडं फिरकायचं नाही. तिथं आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी. वाडीतले गडी त्या वेळी तिकडं पाऊल टाकत नसत. तिचा नवरा कैलास चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर. पण सुट्टीच्या दिवशी शेतावर जाताना तोही लांबच्या वाटेनं जायचा.

सासूबाई रतनबाई मात्र दर मंगळवारी भर दुपारीच चार शेजारणींना घेऊन आसरांची पूजा करायला जायच्या आणि दोन तासांनी ओल्या केसांनी परतायच्या. साठी उलटलेल्या बाईनं भीतीपोटी उन्हातून एवढं चालावं, हे प्रेरणाला बघवेना. ती शाळेत शिक्षिका होती. कैलासशी बोलून पाहिलं, तर तो म्हणाला, आईच्या देवाधर्मात पडू नको. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत एका मंगळवारी ती मागोमाग निघाली. सासूबाईंना समजवायचं आणि हाताला धरून घरी आणायचं, असं तिनं ठरवलं होतं.

करंजाखाली शेंदूर लावलेले सात दगड होते. त्यांवर ताजं हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. शेजारी पाच लुगडी घड्या घालून ठेवलेली. कुणी बुडालं की काय, असं प्रेरणाला वाटलं. ती धावतच काठावर आली आणि जागीच थांबली.

चार बायका परकर-पोलक्यावर एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. मधोमध रतनबाई डोळे मिटून उताण्या तरंगत होत्या. घरात ज्यांचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, त्यांचे पांढरे केस पाण्यावर मोकळे पसरले होते.

एका शेजारणीनं प्रेरणाला पाहिलं आणि रतनबाईंच्या खांद्याला हात लावला. रतनबाई सावकाश पोहत काठाशी आल्या. रागावतील असं वाटलं, पण त्या हसल्या.

"मला माज्या सासूनं आणलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुला यंदा आणणारच व्हते. पावसाचं पानी उतरायची वाट बघत व्हते."

"म्हणजे आसरा नाहीतच ना, आई?"

रतनबाईंना हा प्रश्नच विचित्र वाटला. "हायेत की. त्यांच्याच पान्यात पवतो आमी. गड्यांना लांब ठिवत्यात, आमाला न्हाई. आठवड्यातनं दोन तास कुनी हाक मारत न्हाई, चा मागत न्हाई."

समजवण्यासाठी मनात जुळवलेलं सगळं प्रेरणा विसरली. आपल्याला पोहता येत नाही, एवढंच ती कशीबशी बोलली. त्यावर बायका इतक्या हसल्या, की तिलाही हसू आवरेना. रतनबाईंनी आधी तिला दगडांना हळदकुंकू वाहायला लावलं, मग हात पुढं केला.

तीन मंगळवार ती नुसतं पाणी प्याली. शाळा सुरू झाली, तेव्हा मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. त्या दिवशी रतनबाईंनी तिच्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला. प्रेरणाला ते कळलंच नाही. वर करंजाच्या फांद्या होत्या, त्यांतून ऊन सांडत होतं, आणि ती तरंगत होती.