हसू आणणारा दगड

मी दगड बोलतोय. रस्त्यातला नव्हे, सिनेमातला. थर्माकोलचा. दिसायला असा, की समोरच्याने पाय मागे घ्यावा. आणि वजनाला असा, की पंखा लावला तर मीच मागे सरकावं.

मला घडवलं बाबांनी. ते सिनेमांचे सेट उभारायचे. भूकंपाचा सिनेमा होता, डोंगर कोसळायचा होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा दगड मी. बाबांनी गरम तारेने माझे कोपरे कापले, वर कागदाचा लगदा थापला, ओल्या स्पंजने रंग टिपला. डाव्या अंगाला हिरवट शेवाळही चढवलं.

"कॅमेऱ्यात शेवाळ कुठे दिसणारे?" कोणीतरी म्हणालं.

"दगडाला दिसेल," बाबा म्हणाले. तेव्हापासून माझा त्यांच्यावर जीव.

शूटिंगच्या दिवशी मी खलनायकाच्या डोक्यावर पडलो. पडलो तो टुणकन उसळलो आणि उड्या मारत पायऱ्या उतरून गेलो. माझ्याखाली चिरडलेला खलनायक मात्र मी गेल्यावरही निवांत जीव सोडत होता. अख्खं गाव कोसळत होतं, पण नायिकेची एक बट हलत नव्हती. तिचा भाऊ भेगेत पडण्याआधी भेग कुठे आहे ते वाकून बघून घेत होता.

दिग्दर्शक म्हणाले, "चालेल. रडारडीत दगडाकडे कोण बघतंय?"

सगळ्यांनी दगडाकडेच बघितलं. थिएटरात जिथे रुमाल निघायचे तिथे शिट्ट्या वाजल्या. बाबांनी मला घरी आणून गॅलरीत ठेवलं आणि त्या सिनेमाचं नाव पुन्हा काढलं नाही.

परवाच्या रविवारी तो टीव्हीवर लागला. घरात मामा आले होते, म्हणजे बाबांचे मेहुणे.

"भावोजी, तुमचा दगड आला बघा. लंगडी घालतोय."

मुलगा हसला. त्याच्या आईला हसून हसून डोळे पुसावे लागले. खरं सांगू, गॅलरीत मलाही हसू आलं. एकटे बाबा तेवढे हसले नाहीत. ते उठले.

"तो दगड उद्या कचऱ्यात टाका. उगाच जागा अडवतोय."

मनावर दगड ठेवून माणसं काय काय करतात, ते ऐकून होतो. दगडालाच टाकायचं तर मनावर काय ठेवतात, कोण जाणे.

नवी सून तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिने सिनेमा पाहिला नव्हता, आणि मी कसला आहे हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई सहज म्हणाल्या, "अगं, गॅलरीतला दगड तेवढा खाली नेऊन ठेव. कचऱ्याची गाडी येईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग जिन्याकडे. सासरी असली कामं असतात, हे तिला माहेरी कोणी बोललं नव्हतं. पण आल्या आल्या 'जमणार नाही' कसं म्हणायचं? तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली, पाय रोवले, श्वास कोंडला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून मला उचललं.

पुढच्या क्षणी मी वाळत घातलेल्या चादरीत अडकलो होतो, आणि ती मागच्या मागे कपड्यांच्या टबात बसली होती.

दारात बाबा उभे. "लागलं का गं?"

"नाही बाबा," ती टबातूनच म्हणाली. मग जराशी फुरंगटून, "मला वाटलं, खरा आहे."

"खरा वाटला?"

"वाटणारच ना. शेवाळ आहे की त्याला."

बाबांनी मला चादरीतून सोडवलं, माझी डावी बाजू सदऱ्याच्या बाहीने पुसली. मग त्यांना हसू फुटलं ते आवरेचना. टबात बसल्या बसल्या तीही हसायला लागली. खाली कचऱ्याची गाडी येऊन गेली, ते कोणाला ऐकूही आलं नाही.

आता मी टीव्हीशेजारी असतो. मामा आले की बाबा आपणहून तो सिनेमा लावतात आणि म्हणतात, "थांबा, आता उसळतोय."

तुम्हीही असले जुने सिनेमे लागले की खुशाल हसा. फक्त हसून झालं, की जरा माझ्या डाव्या अंगाला बघा.