मैयाचं नाव

पेणजवळच्या जोहे गावची नूतन गणपतीचे डोळे आखते. गेल्या वर्षी दिल्लीच्या एका सरकारी कार्यालयानं तिला काठमांडूला नेलं. शेजारी देशाशी मैत्री वाढावी म्हणून तिथल्या महोत्सवात भारतातर्फे गणपती भेट द्यायचा होता. मूर्ती तिथंच घडवायची आणि उद्घाटनाला पाहुण्यांसमोर डोळे आखायचे, हे नूतनचं काम.

पेणहून निघालेली शाडूची माती सीमेवर अडकली. मग कार्यालयानं नूतनला जवळच्या ठिमी गावात मैया प्रजापती या कुंभारणीकडे पाठवलं. मैयानं आपली काळी माती मळून दिली, आणि कामालाही बसली. मूर्तीचं अंग तिनं घडवलं, सोंड आणि दागिने नूतननं. मोडक्यातोडक्या हिंदीत दोघी आपापल्या सासवांबद्दल बोलत, हसत.

उद्घाटनाच्या सकाळी मूर्तीखाली पितळी फलक लागला. त्यावर भारताची भेट, भारतीय कलाकाराची मूर्ती, एवढंच होतं.

मैयानं तो वाचला. म्हणाली, "माती आमची, हात माझे. आणि भेट तुमची?"

नूतनला तिच्याकडे बघवेना. ती दिल्लीच्या साहेबांकडे गेली आणि मैयाचं नाव घाला म्हणाली. साहेबांनी शांतपणे समजावलं, की हा दोन देशांमधला मामला आहे, त्यात माणसांची नावं कुठं घालायची?

"मग माझंबी काम नाय," नूतन म्हणाली. "दोघींनी केलंय तसं लिवा. नायतर मी डोळे आखणार नाय."

पुन्हा बोलावणं येणार नाही, असं साहेब म्हणाले. नूतन मैयाशेजारी शेवटच्या रांगेत जाऊन बसली. पडदा सरकला, पण गणपतीचे डोळे आखायला कुणीच पुढं आलं नाही. पाहुणे कुजबुजले, भाषणं लवकर आटोपली.

ती मूर्ती मग कार्यालयाला नकोशीच झाली. मैयाच्या भावांनी ती टेम्पोत घालून ठिमीला नेली. अंगणात शेजारीपाजारी जमले. एक डोळा नूतननं आखला, दुसरा मैयानं. मैयाचा जरा मोठाच झाला.

गावी गणपतीच्या कारखान्यातले लोक म्हणाले, हिनं परदेशात देशाचं नाक कापलं. नवरा गोविंदासुद्धा कुरकुरला, एवढी मोठी माणसं कशाला दुखवायची?

"ज्यांच्या घरी गेलो त्यांचंच नाव पुसायचं, ही कसली मैत्री?" नूतन म्हणाली. "परत नेलं तरी हेच करीन."

यंदा तिनं मैयाला जोह्याला बोलावलंय, कुठल्याही कार्यालयाला न विचारता. मैया येतेय. गोविंदा तिला आणायला पेण स्टेशनवर जाणार आहे.