दोन पुड्या नीळ

रायभानच्या दुकानावरच्या पाटीवर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. जुन्या कॅसेटीची सीडी करून मिळेल. उडालेले रंग दुरुस्त करून मिळतील. आणि खाली लाल अक्षरांत, 'जसं होतं तसं'. ही तिसरी ओळ त्यानं ठरवून लिहिली नव्हती. पाटी रंगवणाऱ्यानं खाली जागा उरली म्हणून विचारलं, "आनखी काय टाकू?" आणि रायभानच्या तोंडून सहज निघून गेलं. ते तीन शब्द आपल्याला एक दिवस भरदुपारी जिन्याखाली कोंडून घालतील, हे त्याला तेव्हा ठाऊक असतं, तर त्यानं तिथं गुलाबाचं फूल काढायला सांगितलं असतं.

जिन्याखाली म्हणजे अगदी जिन्याखालीच. दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला. पुढं काउंटर आणि मागं, वरच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात जाणाऱ्या जिन्याच्या पोटात, कॉम्प्युटरची खोली. खोली आपली म्हणायची. सरळ उभं राहिलं की पायरी टाळूला लागे. त्या खोलीत आतल्या भिंतीला चिकटून रायभान बसला होता. डाव्या हाताला स्टुलावर दुर्गाबाई, उजव्या हाताला खुर्चीवर सगुणाबाई, आणि दारात, एक पाय आत एक पाय बाहेर, कौसल्या. बाहेर पडायचं तर एकीला तरी ओलांडून जावं लागणार, आणि तिघींपैकी एकही ओलांडण्यासारखी नव्हती.

कौसल्या शहागडची, रायभानच्या गल्लीतली, म्हणून त्याची ताई. सगुणाबाई तिची आई, दुर्गाबाई तिची सासू. तिचा नवरा बद्रीनाथ बायकोला आणि आईला रिक्षातून घेऊन आला होता. दुकानासमोर सगुणाबाई जीपमधून उतरताना दिसल्या, तसा "मिलमधी शिफ्ट हाय" म्हणून तो त्याच रिक्षानं एमआयडीसीकडं निघून गेला. त्या दिवशी त्याच्या मिलला सुट्टी होती.

भांडण होतं शालूचं. वीस वर्षांपूर्वी, म्हणजे शहाऐंशी साली, कौसल्याच्या लग्नाच्या बैठकीत ठरलं होतं की नवरदेवाकडून येणारा शालू हिरवा असेल. मांडवात शालूची घडी उलगडली आणि सगुणाबाई म्हणाल्या, हा तर निळा. दुर्गाबाई म्हणाल्या, हिरवा. तेव्हापासून सगुणाबाईंनी लेकीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. "निळा होता म्हणून कबूल व्हा, मंग येते," एवढाच त्यांचा निरोप, वीस वर्षं तोच.

शालूच बाहेर काढून बघा, असं कुणीही म्हणेल. पण चौऱ्याण्णव साली तो बोहारणीला देऊन कौसल्यानं स्टीलचं पातेलं घेतलं होतं. पातेल्यात डाळ चांगली शिजत होती, पण शालूबद्दल ते काही सांगायला तयार नव्हतं.

उरली होती लग्नाच्या शूटिंगची कॅसेट. ती रायभाननंच काढली होती. कॅसेटीत शालू हिरवा दिसे, म्हणून दुर्गाबाई ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवत. सगुणाबाईंचं म्हणणं, व्हिडिओ खोटं बोलतो. आता नातीचं, शिवकन्येचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि आजीला मांडवात आणायचं होतं. कौसल्यानं आदल्या दिवशी फोनवर रायभानला एवढंच सांगितलं होतं, "भाऊ, रंगाचं काहीबी करा. पण माय मांडवात आली पायजे." रायभान "बराबर करतो ताई" म्हणाला होता. शिवकन्येच्या लग्नाची शूटिंगही त्याचीच होती.

"सुरू कर रे," दुर्गाबाई म्हणाल्या. "आन आमच्या समोर कर. मागून न्हाई."

"समोरच करून राह्यलो, मावशी."

"मावशी तिला, आन मी काकू," सगुणाबाई उजवीकडून म्हणाल्या. "गावचा पोरगा हाय, पर पैसे नवरदेवाचे घेतल्ते. ध्यानात हाय माझ्या."

म्हणजे निळा निघाला तर तो आपल्या गावाला सामील, आणि हिरवा निघाला तर पैसे खाल्ल्या घराला जागला. रायभाननं कपाळ पुसलं. खोलीत पंखा होता; पण त्यानं धूळ उडते म्हणून तो कायमचा बंद ठेवलेला होता.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग एक भलीमोठी पांढरी टोपी आली. चेहरा नाही, मांडव नाही, नुसती टोपी, चार सेकंद.

"आमचे मालक!" दुर्गाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांच्या नवऱ्याला, रामरावांना, जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मालकांची टोपीच तेवढी काढली का रे?" सगुणाबाईंनी विचारलं. "डोकं राहूनच गेल्तं?"

"तसं न्हाई, काकू. त्या वक्ताच्या कॅमेऱ्याला आधी पांढरं काय असतं ते दाखवावं लागायचं. ते बघून तो बाकीचे रंग ठरवायचा. माझ्या उस्तादनं शिकवल्तं, कुठंबी जा, पहिली पांढरी टोपी धर."

"धरली ते बरं केलं," दुर्गाबाई ताठ बसल्या. "आख्ख्या मांडवात तसली टोपी न्हवती. दोन पुड्या नीळ घातल्ती मी, एका बादलीत. लोक इचारून राह्यले होते, रामरावची टोपी कोणच्या परटाकडं धुतली म्हणून."

रायभानचा माउसवरचा हात थांबला.

दोन पुड्या नीळ. एका बादलीत.

वीस वर्षांनी त्याला आपली चूक दिसली, आणि तीही पडद्यावर, टोपीएवढी मोठी. ती टोपी पांढरी नव्हतीच. ती निळसर होती, आणि माणसाच्या डोळ्याला पांढऱ्यापेक्षा पांढरी वाटत होती. कॅमेऱ्याला नीळ म्हणजे काय ते कुठं माहीत! त्यानं दुर्गाबाईंचा शब्द प्रमाण मानला, टोपी पांढरी धरली आणि तिच्यातली जेवढी नीळ होती तेवढी सगळ्या लग्नातून वजा केली. आभाळातून केली, करवल्यांच्या परकरांतून केली, आणि शालूतूनही केली. निळ्यातून नीळ काढली, हिरवं उरलं.

म्हणजे शालू निळा होता. म्हणजे सगुणाकाकू वीस वर्षं खरं बोलत होत्या. आणि त्यांना खोटं पाडलं होतं ते रायभाननं, काहीच न तपासता एक बटण दाबून.

हे सांगावं, तर दुर्गाबाई नातीच्या लग्नाची शूटिंग काढून घेतील, एवढंच नव्हे. शहाऐंशीपासून पुढं चार वर्षं त्यानं ज्या ज्या टोपीवर कॅमेरा धरला, त्या सगळ्या टोप्या उद्या दुकानासमोर येऊन उभ्या राहतील. न सांगावं, तर काकू मांडवात येत नाहीत. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात कौसल्या होती, आणि ती त्याच्याकडं बघत होती.

"थांबला का?" दुर्गाबाई म्हणाल्या. "हिरवा हाय का न्हाई?"

"जरा निळा करून बघ की," सगुणाबाई म्हणाल्या. "पाटीवर लिवलंय ना, दुरुस्त करून मिळंल म्हणून?"

रायभाननं पडद्यावरची रंगाची पट्टी माउसनं थोडी उजवीकडं सरकवली. मांडवात शालू निळसर होऊ लागला. अजून थोडी. कावीळ झाल्यासारखी दिसणारी कौसल्या सावळी, नाकीडोळी नीटस अशी नवरी झाली. हळद हळदीसारखी दिसू लागली. मांडवाची आंब्याची पानं, जी इतकी वर्षं वाळल्यासारखी दिसत होती, ती ताजी झाली. बद्रीनाथच्या चेहऱ्यावरची भीतीसुद्धा स्वच्छ दिसू लागली. सगळं लग्न जिथल्या तिथं बसलं. आणि त्यात शालू होता, निळाशार.

"हे बघा!" सगुणाबाई खुर्चीतून उठल्या, डोकं पायरीला आपटलं, तरी उभ्याच राहिल्या. "हे बघा, ईहीणबाई!"

दुर्गाबाई शालूकडं बघतच नव्हत्या. शालू नवरीच्या मांडीवर ठेवायला रामराव वाकले होते, आणि त्यांची टोपी दौतीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

"माझ्या मालकाची टोपी निळी?" त्यांचा आवाज खाली आला, आणि तो वरच्या आवाजापेक्षा वाईट होता. "मेलेल्या माणसाची टोपी रंगवून राह्यला तू? माझ्या हातची धुतलेली?"

"मावशी, मी काही..."

"पांढरी कर."

त्यानं पांढरी केली. शालू हिरवा झाला.

"निळा कर," सगुणाबाई म्हणाल्या.

त्यानं निळा केला. टोपी निळी झाली.

असं पाच वेळा झालं. पडद्यावरचं लग्न डावीकडं गेलं की दुर्गाबाई श्वास सोडत, उजवीकडं आलं की सगुणाबाई. रायभानचा श्वास मधेच कुठंतरी अडकून होता. वर बियाणे कंपनीचा कोणीतरी जिना उतरला, धाड धाड धाड, आणि रायभानच्या डोक्यावरून मोकळ्या हवेत निघून गेला. रायभानला त्या माणसाचा हेवा वाटला.

मग दारातून कौसल्या बोलली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

"आत्याबाई, टोपी निळीच असायची मामंजींची."

दुर्गाबाईंनी मान वळवली.

"लग्न होऊन आले आन धुणं माझ्याकडं आलं. मी एक पुडी घातली, तर तुम्ही बोलल्या, आमच्या घरी दोन पुड्या लागतात. मामंजी होते तवर, चौदा वर्षं घातल्या. माझी बोटंबी निळी राह्यची. आन शालू निळा होता. मीच नेसले होते ना."

"मंग वीस वर्षं बोलली का न्हाई?" दोन्ही बाया एकदम म्हणाल्या.

"कोणी इचारलंच न्हाई."

आता सांगितलंच पाहिजे, हे रायभानला कळलं. त्यानं सांगून टाकलं. टोपी, बटण, वजाबाकी, सगळं. "चूक माझी हाय," तो म्हणाला. "टोपीची न्हाई, शालूची न्हाई. माझी."

दुर्गाबाई रायभानकडं वळल्या.

"तुला दुसरं काही पांढरं दिसलं न्हाई का रे? आमचे बैल होते ना दारात."

"घोडाबी पांढरा होता," सगुणाबाई म्हणाल्या.

"कागद न्हवता का एखादा?"

"लग्नपत्रिका पालथी धरायची. मागून पांढरीच असती."

"ह्याच्यापायी वीस वर्षं वाया गेली, ईहीणबाई."

"ह्याच्याचपायी, बाई."

डावीउजवीकडून वीस वर्षांत पहिल्यांदा एकच आवाज येत होता. रायभान मान खाली घालून ऐकत होता. दारात कौसल्यानं तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती का रडत होती, हे त्या उजेडात कळण्यासारखं नव्हतं.

"येते मी लग्नाला," शेवटी सगुणाबाई म्हणाल्या. "पर सीडीत शालू निळा पायजे."

"आन टोपी पांढरी," दुर्गाबाई म्हणाल्या.

"दोन्ही एकदम न्हाई होत, मावशी. मी सांगितलं ना..."

"पाटीवर काय लिवलंय?"

पुढचे सात दिवस रायभान जिन्याखाली बसला. रामराव एकटे असतील तिथं पांढरं, कौसल्या एकटी असेल तिथं निळं, इथवर सोपं होतं. पण मांडीवर शालू ठेवायचा तो प्रसंग अकरा सेकंदांचा, आणि अकरा सेकंदांत चित्रं पावणेतीनशे. प्रत्येक चित्रात टोपी. त्यानं माउसनं एकेक टोपी हातानं पांढरी केली. रामरावांना वाकायची सवय नव्हती, म्हणून ते फार सावकाश वाकले होते.

लग्नाच्या दिवशी सगुणाबाई सकाळीच आल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. कौसल्यानं त्यांना पाणी दिलं. रायभाननं ते शूट केलं नाही. तो मांडवाच्या कोपऱ्यात नवा कॅमेरा लावत होता. पांढरं काय, ते आपलं आपण ओळखणारा कॅमेरा. टोपी दाखवायची गरजच नाही.

तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. हातात ताट, ताटात कुंकू आणि टॉवेल-टोपी. त्यांनी रायभानला कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी हातात दिली.

"राग धरू नको, बाबा. तुझा मान हाय." मग हळूच म्हणाल्या, "आज हिच्यावरच धर. मालकांची आठवण म्हणून. मी सोताच्या हातानं धुतली."

टोपीला निळीचा ताजा वास येत होता. रायभाननं इकडंतिकडं पाहिलं. मागं मांडवाचं कापड, बाजूला जनरेटर, समोर दुर्गाबाई. त्या हलेनात. त्यानं कॅमेऱ्याचं आपलंआपण ओळखणं बंद केलं, तो टोपीवर धरला आणि बटण दाबलं.

नवरदेवाकडच्यांनी ठरल्याप्रमाणं अगदी बराबर जांभळा शालू आणला होता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात तो रायभानच्या डोळ्यांदेखत डाळिंबी झाला.

त्याच्या खांद्यामागून सगुणाबाई पडद्यात वाकल्या.

"ईहीणबाई, जरा इकडं या. जांभळा ठरल्ता ना?"

"जांभळाच. का बरं?"

"तिकडं डोळ्याला जांभळाच दिसून राह्यला. पर हे बघा." सगुणाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आन व्हिडिओ काही खोटं बोलत न्हाई."