धरायला कुणी लागत नाही

बिजागरीत निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. नखाने ओढला असता तर निघालाही असता, पण तिने ओढला नाही. नुसतं बोट फिरवलं त्यावरून — कुणीतरी आपल्याआधी इथे बसून शिवून गेलंय, निळं काहीतरी, आणि मग उठून, नको, बघू नंतर, असं म्हणत घरी गेलंय... बिजागरी गार होती. शिवणाचं ते टेबल मिटलेलं होतं, आणि मिटलेलं असताना ते नुसतं एक बुटकं कपाट होतं; बाहेरच्या खोलीत ठेवून वर फुलदाणी मांडली तर आल्यागेल्याला पत्ताही लागू नये, की याच्या पोटात एक मशीन झोपलंय.

“उघडून दाखवतो, ताई,” दुकानदार म्हणाला. चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि आवाजात गुणी भाचीचं कौतुक सांगणाऱ्या मामाचा गोडवा. त्याने वरची फळी उचलून डावीकडे पसरली, मागची फळी उभारून तिच्याखाली पाय लावला, आतला खटका दाबला. आणि मशीन अलगद वर आलं, पाण्याखालून कुणी डोकं काढावं तसं.

“गोधडी आणलीय ना तुमची? घाला त्यावर. बसा निवांत. शिवून बघितल्याशिवाय कळत नाही.”

ती बसली. पिशवीतून गोधडी काढली, अर्धीमुर्धी झालेली, कडा अजून मोकळ्या, आणि ती उलगडताना घरच्या स्वयंपाकघराचा वास आला, आणि त्या वासाबरोबर सकाळ आली.

सकाळी वन्सं एवढंच म्हणाल्या होत्या, “तुझ्यापुरतं बघ हो.”

चहाचा कप दोन्ही हातांत धरून, खिडकीबाहेर बघत, सहज. उजवा खांदा त्या हल्ली जरा उचलूनच धरतात. रात्री मलम चोळतात, आणि दार लोटून घेतात, म्हणजे वास बाहेर येऊ नये. तो येतोच. ती विचारत नाही, त्या सांगत नाहीत. तुझ्यापुरतं... शब्द तसा साधा. पण पिशवी भरताना, जिना उतरताना, बसच्या खिडकीशी बसल्यावर, तो तोंडात खडा आल्यासारखा राहिला. गिळता येईना, थुंकताही येईना.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न न केलेली. आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूमिती शिकवलेली. ही या घरात आली तेव्हा त्या आधीपासून होत्या, खिडकीशेजारच्या खोलीत, आणि तेव्हापासून दोघींचं जे काही होतं ते त्याच्यामार्फत होतं. तो मधे होता — एकीचा भाऊ, एकीचा नवरा. मीठ जास्त झालंय हे त्या त्याला सांगायच्या. रेडिओचा आवाज फार होतो, असं ही त्याला सांगायची. मग तो गेला. एका साध्या दुपारी, ऑफिसातल्या खुर्चीत. आणि घरात दोन बायका उरल्या, ज्यांनी एकमेकींना कधी निवडलं नव्हतं. लोकांना वाटलं, आता मोठी घर सोडून जाईल. ती गेली नाही. का गेली नाही, हे कुणी विचारलं नाही. हिनेसुद्धा नाही... हिने तर मुळीच नाही.

आणि आता धाकट्या दिराचा फोन. ताईसाठी खालची खोली केलीय, जिना नको, समोर बाग आहे, कधीही ये. “बघू,” वन्सं म्हणाल्या होत्या. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा, स्वतःशीच, “बघू.” त्यानंतर त्या विषयावर घरात एक अक्षर निघालं नव्हतं.

“चालवा ना,” दुकानदार म्हणाला.

तिने पाय दाबला. सुई चालू लागली, कापड सरकू लागलं, आणि काहीतरी चुकलं. काय चुकलं ते तिला लगेच कळेना. टाके सरळ पडत होते, दोरा तुटत नव्हता. गोधडी डाव्या फळीवर पसरली होती, मागच्या फळीवर ओसंडली होती, आणि कुठेही लोंबत नव्हती. आपल्या वजनासकट निवांत, उन्हात पहुडलेल्या मांजरासारखी. ओढ नव्हती. हो, तेच. समोरून ओढ नव्हती. हातांना जे इतकी वर्षं लागत होतं ते काढून घेतलं होतं कुणीतरी, आणि हात पुढे-पुढे जात होते, जिन्याला आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं तसे.

“बघितलंत?” दुकानदार खुलला. “एरवी एवढी मोठी गोधडी म्हणजे दुसरं माणूस लागतं समोर. इथे धरायला कुणी लागत नाही.”

धरायला कुणी लागत नाही.

...तो गेल्यानंतरचा पहिला हिवाळा. जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवून ती शिवत बसायची, कारण शिवताना कुणी बोलायला येत नाही. त्याच्या सदऱ्यांची गोधडी. मोठी झाली, जड झाली, टेबलाच्या कडेवरून घसरायची, आणि घसरताना सुईला ओढून न्यायची. एकदा सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. तिसऱ्या वेळी ती रडली नाही, नुसती हात मांडीवर टाकून बसली. तेव्हा वन्सं आपल्या खोलीतून आल्या. समोरची खुर्ची ओढली, खाली लोंबणारी गोधडी गोळा केली, मांडीवर घेतली, आणि कापड दोन्ही हातांनी जरासं उचलून धरलं. चल, असं नजरेनेही म्हणाल्या नाहीत. नुसतं धरलं. आणि सुई चालू लागली.

त्या दिवसापासून ते तसंच. पुढे शेजारपाजारच्या बायका कपडे आणून देऊ लागल्या, मुलांचे तोकडे झालेले फ्रॉक, जुने पडदे, गेलेल्या आजोबांचे सदरे. वन्सं पट्टी लावून तुकडे कापायच्या, त्यांचा चौकोन म्हणजे चौकोनच, आणि ही जोडायची. आणि मग समोरासमोर. बोलणं नाही. पण कापडातून कळायचं. त्यांचा हात सैल असला म्हणजे झोप झालीय. कापड जरा ताणून धरलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, बहुधा शाळेतल्या जुन्या मैत्रिणीचं पत्र नाही. एकदा तर गोधडी थरथरली होती, अगदी बारीक. हिने शिवणं थांबवलं नाही, वर बघितलं नाही, फक्त वेग कमी केला. तेवढंच करता येण्यासारखं होतं. आपण त्यांना कापडातून ओळखतो, असं तिला वाटायचं, आणि त्याचा तिला, कुणाला सांगता न येणारा, थोडा अभिमानही होता.

“आणि समोर कुणी बसलं तर?” तिने विचारलं.

“समोर?” दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “समोर कसं बसणार, ताई? ही मागची बाजू. भिंतीला लावायची.”

“हो. तेही खरंच.”

ती उठली. जरा बघते, म्हणाली. दुकान लांबच लांब होतं आणि त्यात खोल्या मांडल्या होत्या, भिंती नसलेल्या. एक बैठकीची खोली, तिच्यातून पाऊल टाकलं की झोपायची, पलंगावर चादर ताठ, उशीवर कुणाच्या डोक्याचा खळगा नाही. घड्याळं होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. एका जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्या अर्धवट मागे सरकवलेल्या, जणू सगळे आत्ताच हात धुवायला उठलेत. ती त्या घरांमधून चालत गेली आणि तिला वाटलं, यातल्या एखाद्या खोलीत वन्सं बसलेल्या सापडतील, मांडीवर काहीही नसलेल्या, हात रिकामे... आणि त्या रिकाम्या हातांचं त्या काय करतील? किंवा असं, की हात रिकामे झाल्यावर त्या उठतील, खांदा सरळ करतील, आणि म्हणतील, सुटले बाई. टेबल घेतलं नाही, तर त्या धरत राहतील, खांदा झिजेपर्यंत. घेतलं, तर त्यांना या घरात थांबायचं कारण काय? तिला एकदम स्वतःचाच राग आला. माणूस काय फळी आहे? पाय लावून उभी करायची, काम झालं की पाडायची? पण राग फार टिकला नाही. एका कपाटाच्या आरशात एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती, नि ती फारशी रागावलेली दिसत नव्हती. घाबरलेली दिसत होती.

“उद्या सांगते,” ती दुकानदाराला म्हणाली.

“सांगा, पण सांगा नक्की. हे एकच उरलंय. आणि तुमच्यासाठीच बनवल्यासारखं आहे बघा.”

घरी आली तेव्हा दुपार कलली होती. वन्सं जेवणाच्या टेबलाशी, मशीनच्या पलीकडे, कापत बसल्या होत्या. लोखंडी पट्टी, खडूची रेघ, कात्रीचा लांब, न अडखळणारा आवाज.

“मिळालं का?”

“आहे एक. चांगलं आहे.” तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आणि पाठ वळवलेलीच असताना म्हणाली, “डावीकडे फळी, मागे फळी. गोधडी लोंबत नाही. धरायला कुणी लागत नाही.”

कात्री थांबली.

ती वाट बघत राहिली. आता त्या म्हणतील, मग बरंच झालं. आता म्हणतील, मग मी येत्या आठवड्यात तिकडे जाऊन राहीन म्हणते. पेला तिने विसळला, उगाचच पुन्हा विसळला.

“कुणी लागत नाही म्हणतेस,” वन्सं म्हणाल्या. “म्हणजे एकटं माणूससुद्धा शिवू शकेल? न शिकलेलं?”

“शिकलं तर शिवेल की.”

“मग मला एकदा बघायचं होतं.” त्या कापडाकडे बघत होत्या. कानशिलं लाल झाली होती. “शिवून. पहिल्यापासूनच बघायचं होतं खरं म्हणजे. पण तुझं मशीन, तुझी खुर्ची... आणि धरायला कुणीतरी हवंच होतं ना गं.”

ती वळली. काय वाटायला हवं होतं, आणि काय वाटलं! आधी आला तो मत्सरच, चक्क. माझी खुर्ची, असं काहीतरी छातीत टचकन उठलं, लहान मुलाचं असतं तसं. मग त्याची लाज. मग हसू. आणि या सगळ्याच्या खाली, अजून न विझलेलं ते भय: शिकून घेऊन तिकडे जाणार असतील तर? खालच्या खोलीत, बागेसमोर, स्वतःचं मशीन...

“टेबल यायचं तेव्हा येईल,” ती म्हणाली. “आत्ता बघा ना. बसा इकडे.”

“आत्ता?”

“मी धरते.”

वन्सं बसल्या. पायाने पायडल चाचपलं, पाठ ताठ केली, फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशी. तिने पिशवीतली गोधडी काढून सुईखाली सरकवली, समोरच्या खुर्चीत बसून बाकीची मांडीवर ओढून घेतली, आणि गोधडीच्या जडपणाचं तिला आश्चर्य वाटलं. एवढी? सुई चालली, थांबली, पुन्हा भलत्याच वेगाने धावली. कापड हिसके देत पुढे जाऊ लागलं. ती मघापासून कापडाला विचारत होती, किती सोडू, कधी ओढू. पण कापड काही सांगेना. इकडच्या बाजूने ते मुकं होतं.

“सोड की थोडं,” वन्सं म्हणाल्या, सुईवरची नजर न हलवता.

तिने सोडलं. जास्त सुटलं. आवरलं, तर ताण पडला. शेवटी तिने मान वर केली आणि वन्संच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ दाताखाली धरलेला, भुवया जुळलेल्या, टाका वाकडा जाण्याच्या क्षणभर आधी डाव्या डोळ्याखाली पडणारी बारीक सुरकुती... आणि तिथे सगळं होतं, किती सोडायचं, कधी आवरायचं. धरायचं तर चेहऱ्याकडेच बघत राहावं लागत होतं. दुसरं काही नव्हतंच बघायला.

शिवणाऱ्याला ते ठाऊक नसतं. शिवणारा सुईकडे बघतो.

म्हणजे पहिल्या हिवाळ्यापासून, त्याच्या सदऱ्यांपासून... ती कापडातून ओळखल्याचा अभिमान बाळगत मान खाली घालून बसली होती, आणि समोरून कुणीतरी तिचा चेहरा बघत होतं, टाक्यागणिक, दुपारच्या दुपार. काय काय दिसलं असेल त्यांना? तिने आठवून बघितलं, आपल्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं. तिला आठवेना, तिला ते कधी ठाऊकच नव्हतं. विचारावं? जाणार आहात का, हे विचारायचं राहिलंच होतं. पण आता त्याच्याआधी हे दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, आणि त्याला शब्द सापडत नव्हते.

मशीन अडखळत चाललं होतं. मांडीवरलं ओझं हळूहळू पलीकडे सरकत होतं. ती चेहऱ्यावरून नजर न काढता बसून राहिली. अनोळखी गावात उजाडावं तसं तिला वाटत होतं, आणि घर तर हेच होतं.