समुद्राकडची खिडकी

"डबा आडवा करू नकोस, पातळ भाजी आहे," मी म्हणेपर्यंत शिट्टीने तो आडवा करून पिशवीत कोंबलासुद्धा. नर्स आहे, सुई टोचताना हात हलत नाही म्हणे, पण डब्याच्या बाबतीत अगदी आईवर गेली आहे.

गाडीच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "आत्या, पुढच्या शनिवारी शेवटची."

"शेवटची काय?"

"गाडी गं. त्यानंतर सगळ्या पॅसेंजर गाड्या आतल्या लाइनने. डोंगरातून. निम्म्या वेळात पोचणार मी."

"मग बरंच की," मी म्हणाले. तोंडाने म्हणाले.

शिट्टी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. पाळण्यात असताना अशी काही किंचाळायची, की इंजिनवाले ड्रायव्हरही दचकत, म्हणून हे नाव. शहरातल्या मोठ्या इस्पितळात आहे. दर शनिवारी लाइनीच्या दुसऱ्या टोकाच्या गावी त्यांचा दवाखाना असतो, तिकडे जाते. आमचं स्टेशन मधलं. एक फलाट, एक मास्तर, माझा दादा आणि समोर समुद्र, एवढाच पसारा. लाइन एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत हिच्या गाडीला क्रॉसिंगसाठी बाजूच्या रुळावर उभं राहावं लागायचं. प्रवासी करवादायचे, घड्याळं बघायचे. मी मात्र मनातल्या मनात म्हणायची, त्या समोरच्या गाडीचं भलं होवो, पण जरा सावकाश होवो. तेवढाच वेळ पोर माझ्या वाट्याला यायची.

दादा सांधेवाला. गाडीला रूळ बदलून द्यायचे, आणि गाडी निघाली की फलाटाच्या पलीकडच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला, हिरवा बावटा धरून उभं राहायचं. शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीवरची नजर काढायची नाही. काही लोंबतंय का, कुठे धूर येतोय का, ते बघायचं आणि तसं काही दिसलं तर लाल बावटा. हा नियमच आहे. स्टेशनवर त्याला सगळे खांब म्हणतात. बोलण्याच्या बाबतीतही खांबच. मी विधवा होऊन त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा त्याने माझी ट्रंक आत ठेवली आणि म्हणाला, "पंखा जरा आवाज करतो." झालं, तेच स्वागत.

तर हा खांब आपल्या एकुलत्या एक मुलीशी कित्येक वर्षं एक अक्षर बोलला नव्हता.

वहिनी आजारी पडली तेव्हाची गोष्ट. तिला कुठे जायचं नव्हतं. "मला इथेच बरं वाटतं," एवढंच तिचं पालुपद. शिट्टी आली, हट्टाने तिला आपल्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे सगळं केलं पोरीने, रात्रंदिवस उशाशी बसली, पण वहिनी वाचली नाही. दादाच्या बदलीचा माणूस वेळेवर आला नाही, त्यामुळे तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चार माणसांत तो मुलीला म्हणाला, "तू नेलीस तिला. आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

रागात माणूस काहीही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी गिळतो. पण आमच्या दादाचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि ती त्याचीच मुलगी. तिने दारात पाऊल टाकलं नाही. फलाटावर भेटायची ती मला, गाडीच्या पायरीवरून, खालीसुद्धा उतरायची नाही.

मात्र एक होतं. गाडी सुटायची वेळ झाली, की ती माझा हात सोडून पलीकडच्या खिडकीत जाऊन बसायची. सगळा डबाच समुद्र बघायला त्या बाजूला झुकलेला असायचा, त्यामुळे कोणाला काही वाटायचं नाही. आणि खाली दादा बावटा धरून उभा. त्याला गाडीकडे बघणं भागच होतं. अशी दर शनिवारी बापलेकीची नजरानजर व्हायची, आणि वर दोघांनाही म्हणायला मोकळीक, की आम्ही कुठे एकमेकांकडे बघत होतो?

घरी आला की चहा पिता पिता हळूच विचारायचा, "वाळली आहे का जरा?"

"कोण? चाकं?" मी विचारायची. "तू तर चाकं बघतोस ना?"

तो बशीत तोंड खुपसायचा. मला हसूही यायचं आणि चीडही यायची. इतकं प्रेम पोटात ठेवून माणूस असा कोरडा कसा राहू शकतो, देव जाणे.

त्या शनिवारी मी चहा दिला आणि सरळ विषयालाच हात घातला. "गाड्या बंद होणार हे तुला माहीत होतं ना?"

"पॅसेंजर. मालगाड्या आहेत."

"मालगाडीच्या खिडकीत कोण बसणार आहे तुझं?"

त्याने बशीत आणखी चहा ओतला.

"हे बघ दादा, आजवर मी मध्ये पडले नाही. पण ही गाडी गेली की संपलं. ती इकडे येणार नाही आणि तू तिकडे जाणार नाहीस. मी मेले तर निरोपही मास्तरांकडून पाठवाल एकमेकांना."

बराच वेळ तो कपाच्या कानाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी गाडीला बावटा मीच दाखवला होता."

"कुठल्या दिवशी?"

"तिच्या आईला नेलं त्या दिवशी. ही खिडकीत बसली होती, आईचं डोकं मांडीवर घेऊन. मी खाली उभा. जाऊ नका म्हणायचं होतं, तर तेव्हाच म्हणायचं होतं. नाही म्हणालो. मलाही वाटलं होतं, बरी होईल म्हणून." त्याने कप खाली ठेवला. "तिची चूक नव्हती."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हे मला काय सांगतोस? तिला सांग!"

"सांगेन. पुढच्या शनिवारी. क्रॉसिंगला गाडी उभी असते तेव्हा."

मी काय दम धरते! लगेच शिट्टीला फोन लावला. सगळं ऐकून तिने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "खरंच म्हणाले, आत्या? की तू आपली मनाने जोडतेस?"

"माझ्या मेल्या नवऱ्याची शपथ."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा लहान झाला, की मला पुढे बोलवेना.

तो आठवडा दादाचा कसा गेला ते मी बघितलं. अंघोळ करताना काहीतरी पुटपुटायचा. मी कान दिला, तर "तुझी चूक नव्हती" हे तीन शब्द घोळवत होता, शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसे. शुक्रवारी गणवेशाला इस्त्री केली. शनिवारी दाढी अशी केली, की गाल सोलून निघाला. जेवला मात्र नाही.

स्टेशनवर ही झुंबड! एरवी कुत्रं फिरकत नाही, आणि त्या दिवशी कुठून कुठून माणसं आली होती शेवटच्या गाडीचे फोटो काढायला. इतकी वर्षं कुठे होता रे, असं विचारावंसं वाटत होतं. एक बाई माझ्या पायावर पाय देऊन म्हणाली, "किती सुंदर जागा आहे ना!" मी म्हटलं, "हो, पण पाय माझा आहे."

गाडी आली. शिट्टी दारातच होती, नवा ड्रेस घालून. आणि आज ती खाली उतरली. फलाटावर उभी राहिली. पुन्हा पुन्हा केसांवरून हात फिरवत होती.

"बाबा कुठे आहेत?"

"सांधे लावायला गेलाय टोकाला. येतोच आहे. तो बघ."

लांबून दादा रुळाकडेने येत होता. भरभर येत होता, त्याच्या वयाला न शोभेल असा. दोन्ही बावटे काखेत. मी शिट्टीचा हात धरला.

आणि तेवढ्यात मास्तर खोलीबाहेर येऊन ओरडले, "चला, बसून घ्या, लाइन मोकळी आहे! गाडी सोडतोय!"

मला काही कळेचना. "अहो मास्तर, समोरची गाडी यायची आहे ना अजून?"

"समोरची कुठली आता? ती आज सकाळी आतल्या लाइनने गेली. आज क्रॉसिंगच नाही."

घ्या! ज्या माणसाने उभा जन्म सांध्यांवर काढला, गाडी का थांबते हे ज्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, त्याच्या हे ध्यानातच आलं नाही. आठवडाभर डोक्यात ते तीन शब्द, दुसऱ्या कशाला जागाच कुठे होती? आणि मीसुद्धा तसलीच खुळी.

इंजिनाने भोंगा दिला. दादा जागच्या जागी थबकला, एकदा आमच्याकडे बघितलं आणि वळून इंजिनापुढून पलीकडे गेला. त्याची जागा तिकडे होती. गाडी सुटताना तिथे बावटा लागतो.

"आत्या, मी आत जाते, खिडकीतून तरी..." शिट्टी पायरीवर चढली, माणसांना ढकलत आत घुसली. गाडी हलली. मधे गाडीची भिंत, मला पलीकडचं काही दिसेना. मी नुसती फलाटावरून पळत होते, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

शेवटचा डबा गेला तेव्हा रुळांपलीकडे दादा दिसला. हिरवा बावटा वर धरलेला. लोक टाळ्या वाजवत होते.

थोड्या वेळाने शिट्टीचा फोन आला. रडून रडून घसा बसला होता. "खिडकीत माणसंच माणसं, आत्या. मी कशीबशी डोकं बाहेर काढलं. ओरडले, बाबा, थांबवा, थांबवा! त्यांनी ऐकलं. माझ्याकडेच बघत होते. लाल बावटा काखेत होता, आत्या! नुसता उघडायचा होता. पण हिरवाच धरून राहिले."

दादा घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "हात मोडला होता का तुझा? पोरगी जीव तोडून सांगत होती थांबव म्हणून!"

"गाडीत काही बिघाड नव्हता."

"बिघाड नव्हता? अरे, तुझी मुलगी होती आत!"

"सातशे माणसं होती," तो म्हणाला. "कारण नसताना थांबवता येत नाही."

आणि मग बूट न काढताच खाटेवर बसला आणि हमसून हमसून रडला. वहिनी गेली तेव्हा असा रडला नव्हता. मी काय करणार? पाठीवर हात ठेवून बसले. माझाच राग मला खायला उठला.

पुढचे दिवस फार वाईट. स्टेशनवरचा बाक कोणीतरी उचलून नेला. चहाची टपरी उठली. मालगाड्या यायच्या, धडधडत निघून जायच्या, दादा बावटा दाखवायचा, घरी यायचा. शनिवारी मी उगीचच भाजी जास्त टाकायची आणि मग दोघं ती दोन दिवस खायचो. शिट्टीला फोन केला की ती "हो", "नाही", "बरी आहे" एवढंच बोलायची. बापाचं नाव निघालं की म्हणायची, "ड्युटी आहे, ठेवते." बापाचीच भाषा ती.

मग एके दिवशी दादाने रजा टाकली. तो कधी रजा घेत नाही, मास्तरांना वाटलं आजारी आहे. सकाळी बसने जंक्शनला गेला, तिथून आतल्या लाइनची गाडी धरून शहरात. जाताना मला एवढंच म्हणाला, "पत्ता लिहून दे." मी डबा बांधू लागले तर म्हणाला, "असू दे. तिला वाटेल तू पाठवलंस."

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पोचलास? भेटली?"

"कुलूप आहे. ड्युटीवर असेल. जिन्यात बसलोय."

"अरे, तिला फोन कर ना!"

"नको. येऊ दे."

"प्रवास कसा झाला?"

"लवकर होतो. पण बाहेर काही नाही. बोगदा, भिंत, परत बोगदा. काचेत आपलंच थोबाड दिसतं." जरा थांबून म्हणाला, "ती दर शनिवारी हेच बघत बसत असेल आता."

फोन ठेवला नाही कोणी. मी तसाच कानाला लावून ओट्याशी उभी राहिले. तिकडे जिन्यात पावलं वाजली, जवळ आली, वरच्या मजल्यावर निघून गेली.

"ती नाही," दादा म्हणाला.

पुन्हा कोणीतरी आलं, ते खालीच दार उघडून आत गेलं. "ती नाही."

मग पुन्हा पावलं. सावकाश, दमलेल्या माणसाची. चढता चढता मध्येच थांबली. दादा काही म्हणाला नाही.

"तुझी चूक नव्हती," दादाचा आवाज आला. भोंग्यापलीकडे ऐकू जावं म्हणून रुळांवर ओरडतो तसा, खच्चून. अख्ख्या इमारतीने ऐकलं असेल. शिट्टीची पावलं उरलेल्या पायऱ्या चढून वर आली. नंतर कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

फोन बंद करायचं दादाला सुचलंच नव्हतं. तो मी केला.